बेबीताईंची देवघेव

बेबीताईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा एक मुलगा त्यांना गप्प बसायला सांगत होता.

"मॅडम, जरा हळू."

त्या मोठ्यानं बोलत नव्हत्या. एका म्हाताऱ्या गृहस्थांना वर्तमानपत्र सापडत नव्हतं, ते कुठं ठेवलंय एवढंच सांगत होत्या. मुलाच्या कानात इअरफोन होते, तरी त्याला ऐकू गेलं. बेबीताईंनी हात वर केला, चुकलं म्हटल्यासारखा. मग उठून त्या गृहस्थांना वर्तमानपत्रापर्यंत घेऊन गेल्या. परत येऊन टेबलामागे बसल्या. मी संध्याकाळपर्यंत तिथं होते. त्या पुन्हा बोलल्या नाहीत.

ही बडनेऱ्याच्या नव्या वस्तीतली लोकविद्या वाचनालयाची शाखा. मी मराठी घेऊन एम.ए. केलं होतं आणि स्पर्धा परीक्षेसाठी अचलपूरहून इकडे आले होते. अमरावतीत खोली महाग आणि गोंगाट फार, बडनेरा बरं, असं मैत्रिणी म्हणाल्या. शाखेत एक मोठा हॉल होता. भिंतीला लागून पुस्तकांची लोखंडी कपाटं, आणि मध्ये आमची टेबलं. कपाटांना पाठ लावून आम्ही अभ्यास करायचो. मागे कादंबऱ्या असायच्या, समोर चालू घडामोडी.

मी तिथं कादंबरी मागितली तेव्हा बेबीताई माझ्याकडे बघत राहिल्या.

"परीक्षेले आहे का ही?"

"नाही. अशीच."

"अशीच," त्या म्हणाल्या. मग मला खुणेनं बाहेर बोलावलं.

बोलायचं असलं की त्या बाहेर पायऱ्यांवर यायच्या. आमची ओळख त्या पायऱ्यांवर झाली. तिथून स्टेशनकडे जाणारा रस्ता दिसतो. त्या वाचनालयाची गोष्ट सांगायच्या, तुकड्यातुकड्यानं, मध्येच कुणी आत बोलावलं की तोडून.

वाचनालय अमरावतीत एका वकिलाच्या ओसरीवर सुरू झालं. दोन वर्तमानपत्रं होती. एक जण मोठ्यानं वाचायचा, बाकीचे ऐकायचे. मग दगडी इमारत झाली. बायकांसाठी वेगळं दार झालं, कारण पुढच्या दारानं यायला त्यांना संकोच वाटायचा. शहर वाढलं. नवी वस्ती झाली की तिथले लोक नगरपालिकेकडे नळ मागायचे आणि वाचनालयाकडे शाखा. बडनेऱ्याची शाखा रेल्वेच्या लोकांनी मागून घेतली. गार्ड, ड्रायव्हर, पॉइंट्समन. माणसं ड्युटीवर जायची आणि दोन-दोन दिवस यायची नाहीत. क्वार्टरमध्ये बायका एकट्या.

"मुख्य इमारतीतून पेटी ये पुस्तकाची," बेबीताई म्हणाल्या. "महिन्याले नवी पेटी, जुनी वापस. पेटी आली की बाया पायऱ्यांवर बसून राहत. मी उघडायच्या आधी कोनाले काय पाह्यजे ते ठरलेलं."

बेबीताई दहावी झालेल्या. ग्रंथालयाचा छोटा प्रशिक्षण वर्ग केला होता. लग्न झालं होतं, नवरा लवकर वारला, मूल नव्हतं. त्याबद्दल त्या एवढंच सांगायच्या. नोकरी लागली ती याच शाखेत, आणि शेवटपर्यंत याच शाखेत राहिल्या. बाकीच्या शाखा एकेक करून बंद झाल्या. एका ठिकाणी आता क्लास आहे. एका ठिकाणी मंडळाचं सामान. बडनेऱ्याची राहिली, कारण जागा स्वतःची होती.

इथं एक पद्धत होती. ती त्यांनीच पाडली होती. पुस्तक द्यायला फार वेळ लागायचा नाही, परत घ्यायला लागायचा. कुणी पुस्तक जमा करायला देवघेवीच्या खिडकीशी आलं की बेबीताई विचारायच्या, "काय झालं मंग त्याच्यात?" समोरची बाई सांगायची. मागच्या बायका ऐकायच्या. सांगून झालं की पुस्तक जमा. मग पुढची बाई.

"रांग लागत असेल," मी म्हटलं.

"लागे न. कोनाले घाई होती?"

मग एका उन्हाळ्यात पोरी आल्या. परीक्षेवाल्या. टिनाच्या खोल्यांत राहायच्या. बेबीताईंनी त्यांना हॉलमध्ये बसू दिलं. कुणाला विचारलं नाही. "टिनाखाली शिजून राहिल्या होत्या बिचाऱ्या. म्हनलं, बसा." त्यांच्यामागून मुलं आली. टेबलं आली. कमिटीनं पंखे दिले, फलक लावला: अभ्यासिका, शांतता राखा. वाचायला येणाऱ्या बायकांना कुणी येऊ नका म्हटलं नाही. फक्त बोलू नका म्हटलं. त्या खिडकीशी यायच्या, पुस्तक ठेवायच्या, दुसरं घ्यायच्या, जायच्या. मग यायच्या बंद झाल्या.

बेबीताईंच्या हाताखाली मी बरंच वाचलं. त्या पुस्तक हातात द्यायच्या आणि दोन वाक्यांत त्यात काय आहे ते सांगायच्या. दोन वाक्यांत मला कधी जमलं नसतं. एकदा त्यांनी एक जुनी कादंबरी दिली, कापडी बांधणीची. दोन बहिणींची गोष्ट. मोठी भांडून घर सोडून जाते. धाकटी त्या घरात एकटी राहते. "आन् मंग," त्या म्हणाल्या, "एका सणाच्या दिवशी मोठी दारात उभी. धाकटी काईच बोलत नाई. उठते आन् दुसरं ताट वाढते. बस. तिथंच संपते. इतकं चांगलं लिहेल आहे."

मी ती चार दिवस वाचली. शेवटाला थांबून पुन्हा मागं गेले. मोठी बहीण परत येतच नाही. धाकटी घराला कुलूप लावते आणि स्टेशनवर जाऊन बसते. ताट नाही, सण नाही.

मी साहित्याची विद्यार्थिनी. मला वाटलं आवृत्ती वेगळी असेल, लेखकानं शेवट बदलला असेल. बेबीताईंना सांगितलं.

"पानं गेले असतील शेवटचे."

"नाही गेली. समाप्त लिहिलंय."

त्यांनी पुस्तक घेतलं. शेवटचं पान पाहिलं. बोट ओळीवरून फिरवलं. मग मिटून मांडीवर ठेवलं.

"मंग भाभीनं काय सांगतलं मले?"

"कोण भाभी?"

"जैनब भाभी. हे पुस्तक त्यायनं नेलं होतं."

"पण तुम्ही वाचलं तेव्हा?"

त्या माझ्याकडे बघत होत्या, मी काहीतरी विचित्र विचारल्यासारखं.

"मी कुठी वाचलं? मी एकबी नाई वाचलं."

जानराव गुरुजी नावाचे ग्रंथपाल होते, त्यांनी या शाखेची खिडकी बेबीताईंना सोपवली होती. त्यांचा नियम होता की खिडकीवर बसणाऱ्यानं वाचायचं नाही. मान खाली घालून वाचत बसलेल्या माणसाला विचारायला लोक कचरतात, परत जातात. बेबीताईंनी तो पाळला. घरी दीर-जावांच्यात वाचायची सोय नव्हती. पुढं एकट्या राहायला लागल्या, तेव्हा एकदा पुस्तक घरी नेलं होतं. "वाचलं थोडंसं. पन त्याच्यात कोनी बोलेच नाई." परत आणून ठेवलं.

त्यांना ठाऊक असलेलं प्रत्येक पुस्तक त्यांनी खिडकीतून ऐकलेलं होतं.

त्याच आठवड्यात गजेंद्रभाऊ आले. ते वाचनालयाचे सचिव. अमरावतीत त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. माणूस वाईट नाही. येताना बेबीताईंसाठी संत्री घेऊन आले होते. पायऱ्यांवरच बोलले, आत बोलायची सोय नव्हती.

"ताई, रविवारी मीटिंग आहे. देवघेव बंद करा म्हनून राहिले सगळे. कपाटं मुख्य इमारतीत नेतो, हॉल पूर्ण अभ्यासिकेले."

"आन् पुस्तकं?"

"राहतील न तिकडे. कुलपात राहतील, तपासनीच्या वेळी मोजले जातील. पुस्तकाले काय, ते कुठंबी राहते."

"संध्याकाळचा एक तास ठेवा भाऊ. मी करतो सगळं. कोनाले तरास नाई."

"कोन येते ताई? मी आलो तेव्हा या आचलशिवाय कोनी दिसलं नाई. आन् हिची पोस्ट निघाली की हीबी जाईन."

"मला कुठली पोस्ट मिळतेय," मी म्हटलं.

"पाहा, परीक्षेवाल्याचा स्वतःवर भरवसा नसतो," ते म्हणाले. मग जरा थांबले. "असं करा. एखादा जुना वाचक आना मीटिंगले. दोन शब्द बोलू द्या. तुमचं कोनी ऐकनार नाई, तुमी पगारी. वाचकाचं ऐकतात. मी एक तास ठेवतो मंग, माहा शब्द."

बेबीताईंनी विचारच केला नाही. जैनब भाभी. इतकी वर्षं दर आठवड्याला पुस्तक नेणारी बाई दुसरी नव्हती. नवरा रेल्वेत होता. तो गेल्यावर त्या अकोल्याला मुलाकडे गेल्या. पत्ता जुन्या वस्तीतल्या टेलरकडे मिळाला. बेबीताई मला म्हणाल्या, चाल संगं. त्या कादंबरीचा शेवटही विचारून घेऊ. कादंबरी त्यांनी पिशवीत घातली.

आम्ही सकाळच्या गाडीनं निघालो. मूर्तिजापूर गेल्यावर त्या म्हणाल्या, "तू इतकं वाचतं. सांग न एखादं."

मला बरं वाटलं. मी नुकतंच वाचलेलं सांगायला लागले. त्यातला काळ, निवेदन कुणाचं आहे, गावाचं चित्रण कसं येतं. त्या खिडकीबाहेर कपाशीची शेतं बघत होत्या.

"ताई, ऐकताय ना?"

"ऐकून राहिली न. तू वर्गातलं सांगून राहिली."

मी थांबले. त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं. अकोल्यापर्यंत आम्ही शेंगा खाल्ल्या.

जैनब भाभींचं घर जठारपेठेच्या मागच्या अंगाला होतं. दार सुनेनं उघडलं, उज्मानं. आम्ही बडनेऱ्याच्या वाचनालयातून आलोय म्हटल्यावर तिनं आत वळून हाक मारली, "अम्मी, तुमच्या लायब्ररीच्या मैत्रिणी आल्या." भाभी पलंगावर बसल्या होत्या. बारीक चणीच्या, पांढरी ओढणी, एका डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. त्यांनी बेबीताईंचे दोन्ही हात धरले.

"बेबीताई. किती वाळल्या तुमी."

"आन् तुमी किती फुगल्या."

"सून खायले घालते. माह्या जिवावर उठली."

उज्मा म्हणाली, "नाही घातलं तर साऱ्या मोहल्ल्यात सांगत फिरतात." ती चहा ठेवायला गेली.

बेबीताईंनी मीटिंगचं सांगितलं. भाभी ऐकत होत्या. मग हसायला लागल्या. तोंडावर ओढणी धरून हसत होत्या.

"मी काय बोलू माय तिथी? मी कुठी वाचत होती?"

"दर हप्त्याले पुस्तक नेत होत्या भाभी."

"नेत होती. घरातून निघायले हातात काई तरी पाह्यजे न. आमच्या यायले म्हनलं, लायब्ररीत जातो, तर जा म्हनत. नुसतं जातो म्हनलं, तर कुठी? काहून?" त्यांनी बोटं मोजत नवऱ्याचा आवाज काढला. "सुरवातीचे पाच-सात पानं वाचो मी. बाकी तुमच्या खिडकीवर उभं राहून ऐको, दुसऱ्या बाया काय सांगून राहिल्या."

बेबीताईंनी पिशवीतून कादंबरी काढली. भाभींच्या मांडीवर ठेवली.

"ही तरी वाचली न? दोन बहिणीची. तुमी सांगतली होती. सणाच्या दिवशी मोठी येते, धाकटी ताट वाढते."

भाभींनी पुस्तक डोळ्याजवळ धरलं. बांधणीवरून हात फिरवला. हसणं हळूहळू गेलं.

"हे त्याच्यात नाई," त्या म्हणाल्या. "हे माहं आहे."

आत चहाचं पातेलं वाजलं.

"माही मोठी बहीण. खामगावले दिली होती. अब्बा गेले तेव्हा भांडन झालं आन् येनं बंद. कितीक वर्सं. मंग एका ईदले दारात उभी. मी काई बोलली नाई. ताट वाढलं." त्यांनी पुस्तक मिटलं. "या पुस्तकात पयल्या पानावर दोन बहिणी होत्या. मले वाटलं, आपलंच आहे. मांगं बाया उभ्या. माहं नाव घेऊन कशी सांगू? मोठी म्हनलं, धाकटी म्हनलं."

भाभींनी ते बेबीताईंकडे सरकवलं.

"तुमी म्हनल्या होत्या, लेखकानं चांगलं लिहेल आहे. मले आठोते. मी म्हनलं, असंन."

"मंग?" बेबीताईंनी विचारलं. आवाज फार बारीक होता. "मंग काय झालं?"

"मंग काय. जेवली. बिमार होती ती, म्हनून आली होती. मले सांगतलं नाई. वापस गेली आन् दोन महिन्यात गेली."

"हे नाई सांगतलं तुमी."

"तुमी विचारलं नाई. पुस्तक जमा झालं होतं."

त्यात दोष देणं नव्हतं. खिडकीची रीत तशीच होती. पुस्तक जमा झालं की मागची बाई पुढं यायची.

चहा आला. आम्ही प्यालो. भाभी म्हणाल्या, मीटिंगला येते, काय बोलायचं ते पढवा, खोटं बोलायला माह्या डोळ्याचं ऑपरेशन आड येत नाई. बेबीताई म्हणाल्या, नका येऊ, गाडीचा त्रास होईल. निघताना भाभींनी त्यांना जवळ घेतलं. बेबीताई त्यांच्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या. मला वाटलं आता त्या बहिणीबद्दल काही म्हणतील. नाही म्हणाल्या.

परतीच्या गाडीत त्या बोलायला लागल्या. माझ्याशी नाही.

"एक गार्डाची बायको होती. तिनं सांगतलं, पुस्तकातला नवरा बायकोशी बोलनं टाकते. एका घरात राहून. ती भिंतीशी बोले. मी तिले म्हनलं, याचा पुढचा भाग आला की तुह्यासाठी ठेवून देतो."

थोड्या वेळानं म्हणाल्या, "त्या पुस्तकाले पुढचा भाग होता का, आचल? तू पाहून सांगशीन?"

"कुठलं पुस्तक?"

त्यांना नाव आठवलं नाही. त्या बाईचं नाव आठवत होतं. तिची बदली भुसावळला झाली होती.

मग आणखी एक. पोर विहिरीत पडतं ती गोष्ट. आणखी एक, सासू मरताना सुनेला जवळ बोलावते ती. प्रत्येक गोष्टीशी त्या थांबायच्या आणि ती पुस्तकातली की माणसाची हे ठरवायचा प्रयत्न करायच्या. काही सुटायच्या. बऱ्याच सुटायच्या नाहीत. मी एम.ए.ला कथनाविषयी पेपर लिहिले होते. मी नुसतं ऐकत होते.

मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा त्या म्हणाल्या, "सारा जनम बाया आपलं सांगून गेल्या मले. मी एकीलेबी म्हनलं नाई, बाई, लय वाईट झालं. मी म्हनलं, चांगलं लिहेल आहे."

रविवारी मीटिंगला त्या एकट्याच गेल्या. मी बाहेर थांबले होते. दार उघडं होतं. गजेंद्रभाऊंनी विचारलं, "ताई, आनलं का कोनी?"

"नाई."

"मंग एक तास ठेवायचं कसं?"

"नका ठेवू."

भाऊ गोंधळले. त्यांनी बाजू घ्यायची तयारी करून ठेवली होती, असं मला वाटलं. बेबीताई म्हणाल्या, कपाटं न्या, पण शाखेच्या बाहेर, पायऱ्यांच्या वर, एक बाक ठेवू द्या. लोकांना बसायला. कमिटीतल्या कुणीतरी विचारलं, बाक कशाला? त्या म्हणाल्या, "बोलाले." कुणी हसलं. बाकाला कुणाचीच हरकत नव्हती. मंजूर झालं.

कपाटं टेम्पोतून गेली. भिंतींवर त्यांच्या मापाचे फिकट चौकोन राहिले. तिथं आणखी टेबलं आली. खिडकी बंद केली नाही, कारण तिथून पंख्याची वायर जाते.

बाक आला. लोखंडी, हिरव्या रंगाचा. संध्याकाळी देवघेवीची वेळ असायची तेव्हा बेबीताई त्यावर बसायच्या. अजूनही बसतात. निवृत्त झाल्या, तरी घरून चालत येतात. जुन्या वाचकांपैकी कुणी कुणी रस्त्यानं जातं. भाजीची पिशवी, दवाखान्याची फाइल. "बरं आहे न ताई?" "बरं आहे. बसा न." "नाई, उशीर झाला." खिडकीवर ज्या बायका रांगेत उभ्या राहायच्या, त्या बाकावर बसत नाहीत. नुसतं बसायला कुणाकडे कारण नाही. एकदा एक माणूस बसला, त्याला गाडीची चौकशी हवी होती.

मागच्या महिन्यात मी अभ्यासातून उठून त्यांच्याजवळ जाऊन बसले. निकाल सकाळीच लागला होता. माझं नाव नव्हतं. हे तिसऱ्यांदा होतं आणि घरी मी अजून कळवलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"काय झालं मंग?"

माझ्या हातात कुठलंच पुस्तक नव्हतं. मी म्हटलं, काही नाही, आत फार गरम होतंय. त्या सरकल्या आणि मला जास्त जागा दिली. नागपूरकडची गाडी येऊन गेली. रस्त्यावर माणसं आली आणि पांगली. मग मी आत जाऊन माझ्या टेबलाशी बसले.